घराला सरकारी टेकू

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण त्यांची घरे बहुधा नवी असावीत. नाहीतर 'आणि बांधलेले पाहावे दुरुस्त करून' अशी पुस्ती त्यांनी ह्या म्हणीला नक्कीच जोडली असती. नवे घर बांधताना मनात उत्साह असतो, नातेवाइकांचे कौतुक असते, शेवटी वास्तुशांतीचे जेवण असते. दुरुस्तीचे तसे नाही. तिच्यात धूळ असते, भांडणे असतात, आणि एवढा पैसा ओतून घर पुन्हा पूर्वीसारखेच दिसते!

ह्या खर्चात सरकार काही मदत करते का, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सतत विचारला जातो. मी कुणी अधिकारी नव्हे की वकील नव्हे. एका बँकेतून निवृत्त झालेला, गिरगावातल्या एका जुन्या चाळीत जन्मलेला आणि तिथेच राहिलेला साधा माणूस आहे. पण आमच्या चाळीची दुरुस्ती झाली तेव्हा भाडेकरूंच्या समितीचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून कुणाच्या छपराला गळती लागली, की त्यांचा दूरध्वनी मला येतो. "तुमच्या चाळीला सरकारने पैसे दिले म्हणे! आम्हाला मिळतील का हो?"

ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. घर कुठे आहे, केव्हा बांधलेले आहे आणि कुणाच्या नावावर आहे, ह्या तीन गोष्टींवर सारे अवलंबून आहे. मुंबईतली जुनी चाळ, उपनगरातला सोसायटीचा फ्लॅट आणि गावाकडचे कौलारू घर ह्या तिघांचे दैवत वेगळे आणि नवसही वेगळा. आधी चाळीचे सांगतो, कारण तिथली मदत सर्वांत मोठी, सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी समजलेली आहे.

गोठलेले भाडे आणि कुजलेली तुळई

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मुंबईत घरभाड्यांवर नियंत्रण आले. पुढे १९४७ साली भाडेनियंत्रणाचा मोठा कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या खोलीचे जे भाडे होते, तेच तिचे प्रमाणभूत भाडे ठरले. भाडेकरूंना ह्या कायद्याने मोठाच आधार दिला. तो नसता तर माझ्या वडिलांसारख्या कारकुनाला गिरगावात बिऱ्हाड करताच आले नसते. पण ह्या नाण्याला दुसरी बाजू होती. भाडे जागच्या जागी राहिले आणि सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी वाढत गेली. ज्या भाड्यात महिन्याचे दूधही येत नाही, त्यात मालक सागवानी तुळई कोठून बदलणार? काही मालक भले होते, काही नव्हते. पण हिशेब कुणाचाच जमत नव्हता.

त्यात मुंबईची हवा खारी आणि पाऊस चार महिन्यांचा. मोऱ्या आणि सार्वजनिक संडास ह्यांच्या खालची लाकडे सतत ओली राहून कुजत गेली. लोखंडी गर्डर गंजले, भिंतींत पिंपळ रुजले. साठीच्या दशकात इमारती कोसळून माणसे दगावू लागली, तेव्हा सरकारने १९६८ साली बेडेकर समिती नेमली. तिच्यामागोमाग १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मंडळाचे काम १९७१ मध्ये सुरू झाले, १९७७ साली ते म्हाडात विलीन झाले, आणि १९९२ साली म्हाडाच्याच छत्राखाली पुन्हा वेगळे मंडळ झाले. लोक त्याला आजही नुसते 'दुरुस्ती मंडळ' म्हणतात.

योजना थोडक्यात अशी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहरातील जुन्या, भाडेकरूंच्या इमारतींवर एक खास कर बसवायचा. त्याचे नाव उपकर, बोलण्यात 'सेस'. तो महापालिका मालमत्ता कराबरोबर गोळा करते. त्या पैशात सरकारची भर पडते आणि त्यातून मंडळ इमारतींची दुरुस्ती करते. म्हणजे ही काही कुणी उपकार म्हणून टाकलेली भीक नव्हे. आपण पै-पैने भरलेल्या पुंजीतून अडचणीच्या वेळी आपल्याला मिळणारा तो वाटा आहे. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण आमच्या चाळीतली निम्मी मंडळी सुरुवातीला 'सरकारपुढे हात कशाला पसरायचे' म्हणून बैठकीलाच येईनात.

कायदा झाला तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांचे तीन वर्ग पाडले गेले. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या 'अ' वर्गात १६,५०२. तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात १,४८९. आणि त्यापुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात १,६५१. त्यांतल्या काही पडल्या, काहींच्या जागी मनोरे उभे राहिले. तरी अजून तेरा हजारांच्या घरात इमारती उभ्या आहेत. त्यांत आमची एक.

चाळ जागी होते

आमची चाळ तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडे, खाली चार दुकाने. सांगाडा सागवानी. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, तेहेतीस माणसे गेली. त्या वेळी आम्ही हळहळलो आणि गणपतीच्या वर्गणीला लागलो. २०१९ च्या जुलैत डोंगरीची केसरबाई इमारत पडली. त्याच आठवड्यात आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली एक फळी एका शाळकरी मुलीच्या पायाखाली मोडली. पोर बचावली, पण फळीखालची तुळई पाहिली तर ती बोटाने उकरता येत होती. वाळवीने ती आतून भुगा करून ठेवली होती.

त्या रात्री जिन्याखाली सभा भरली. पहिला प्रश्न कुणीतरी विचारलाच: "मालकांना सांगा की!" आता मालक म्हणजे कोण? मूळ मालकांच्या चार मुलांची अकरा मुले, त्यांतली पाच परदेशी. २००० सालापासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. त्याने हयगय केली, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक वळता करता येत नाही. आमच्या वार्षिक भाड्याच्या चौथाईत सिमेंटच्या गोणी किती येतील, ह्याचा हिशेब तिथेच बोटांवर झाला आणि सभेत हशा पिकला.

मग मी मालमत्ता कराचे बिल पुढे केले. त्यात उपकराचा रकाना होता. इमारत 'अ' वर्गातली. म्हणजे मालक पुढे आले नाहीत तरी मंडळाला दुरुस्ती करता येणार होती. वाचकहो, तुम्ही मुंबईच्या जुन्या भागात राहत असाल तर पहिले काम हेच करा. आपली इमारत उपकरप्राप्त आहे की नाही, असल्यास कोणत्या वर्गात, हे त्या बिलावरून आणि मंडळाच्या यादीवरून पक्के करून घ्या. बाकी सारी चर्चा त्यानंतर.

अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक

मंडळाचे मुख्य ठाणे वांद्रे पूर्वेला कलानगरच्या गृहनिर्माण भवनात असले, तरी दुरुस्तीचे काम विभागीय कार्यालयांतून चालते. आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करायचा. अर्ज एकट्यादुकट्याने न करता भाडेकरूंची समिती करून, सर्वांच्या सह्यांनिशी करावा. सोबत सर्व बिऱ्हाडांची यादी, भाडेपावत्या, विजेची बिले आणि मोडतोडीची छायाचित्रे जोडावीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायला विसरू नये. बँकेत चौतीस वर्षे काढल्यावर मी एवढेच शिकलो आहे की, शिक्का नसलेला कागद म्हणजे नुसते मनोगत.

त्यानंतर अभियंता पाहणीला येतो. त्या दिवशी घर आवरून ठेवू नका, उघडून ठेवा! आमच्याकडे एका वहिनींनी पाहुणे येणार म्हणून मोरीजवळच्या ओल्या भिंतीवर नवे कॅलेंडर लावले होते. अभियंत्यांनी ते हलकेच उचलून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, औषध द्यायचे तर डॉक्टरला जखम दाखवायला हवी." चोवीस बिऱ्हाडांच्या मोऱ्या, पोटमाळे, जिना, गच्ची, सारे त्यांनी टिपून घेतले.

इथे एक महत्त्वाचा भेद समजून घ्यावा लागतो. मंडळ जी दुरुस्ती करते ती सांगाड्याची: तुळया, खांब, भारवाहक भिंती, छप्पर, तक्तपोशी, जिना, सामाईक गॅलऱ्या आणि संडास. आपल्या खोलीतला रंग, लादी, कपाटे, नवा ओटा हे आपले आपण पाहायचे. पुष्कळांचा गैरसमज असतो की, सरकारी दुरुस्ती म्हणजे आतून-बाहेरून घर नवे होणार. तशी आशा बाळगू नये. इमारत उभी राहणार, एवढे मात्र नक्की. आणि तेच मुख्य नाही का?

पाहणीनंतर अंदाजपत्रक तयार होते, आणि खरी परीक्षा इथे येते. दर चौरस मीटरला किती खर्च मंडळाने करायचा, ह्याची एक कमाल मर्यादा ठरलेली असते. ही मर्यादा वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून चालू आकडा विभागीय कार्यालयातच विचारावा. खर्च मर्यादेत बसला तर प्रश्न नाही. बसला नाही तर दोन वाटा: वरचा खर्च सोसायला भाडेकरूंनी लेखी संमती द्यायची, किंवा इमारत वाजवी खर्चात दुरुस्त होण्यापलीकडे गेली असे मंडळाने जाहीर करायचे. दुसऱ्या वाटेने गेले की रिकामी करणे, पाडणे आणि पुनर्बांधणी हा लांबचा प्रवास सुरू होतो. तिसरीही एक सोय आहे. भाडेकरूंना स्वतःच आपल्या देखरेखीखाली काम करून घ्यायचे असेल, तर मंडळाचे ना-हरकत पत्र घेऊन ते करता येते आणि मर्यादेपर्यंतचा खर्च परत मिळतो. मात्र त्यासाठी आधी पदरचे पैसे घालण्याची ताकद हवी. आमच्यात ती नव्हती.

वर्गणीचे महाभारत

आमचे अंदाजपत्रक मर्यादेबाहेर गेले. बिऱ्हाडामागे सरासरी पन्नास हजारांचा बोजा आला. झाले, जिन्याखालच्या सभेचे कुरुक्षेत्र झाले! तळमजल्याचे दुकानदार म्हणाले, "गच्ची गळते ती तिसऱ्या मजल्यावर, आमचा काय संबंध?" तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "पायाच्या भिंतीला ओल आहे ती तुमच्या दुकानांत; आम्ही कशाला भरू?" मधले दोन मजले म्हणाले, "गच्चीही आमची नाही आणि पायाही नाही!"

दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या बैठकीत समितीने अभियंत्यांनाच बोलावले. त्यांनी काही व्याख्यान दिले नाही. एका कागदावर इमारतीचा उभा छेद काढला आणि गच्चीचे वजन कोणत्या तुळईवरून कोणत्या खांबावर, आणि त्या खांबावरून कुणाच्या दुकानाच्या भिंतीत उतरते, ते पेन्सिलीने ओढून दाखवले. रेघ तळमजल्याच्या शेटजींच्या गल्ल्यामागे येऊन थांबली. शेटजी थोडा वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहा माझे नाव." खोलीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी करायची, असे ठरले आणि वाद मिटला.

उरला प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा. एकट्या, यजमानांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर राहणाऱ्या. त्यांच्या वाट्याला चाळीस हजार आले. आम्ही चौघांनी आपसांत ठरवले की, त्यांचा वाटा आपण उचलायचा आणि त्यांना कळू द्यायचे नाही. पण चाळीत न कळणारी गोष्ट कोणती? दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात उभ्या. "तुम्ही मला धर्माच्या घरात राहायला लावणार का?" मी गप्प. "महिन्याला हजार देईन. चाळीस महिने लागतील. पण दर महिन्याला पावती पाहिजे, आणि तिच्यावर माझे नाव पाहिजे." २०२१ च्या जानेवारीपासून त्यांनी हप्ते भरले. चाळीस महिन्यांत एकदाही पाच तारीख उलटू दिली नाही. समितीच्या पावतीपुस्तकातला सर्वांत नीट हिशेब त्यांचा आहे.

घर सोडून जाण्याची भीती

२०२० सालची टाळेबंदी आली आणि सारे काम वर्षभर मागे पडले. अखेर २०२१ च्या पावसाळ्यानंतर बांबूच्या पराती उभ्या राहिल्या, लोखंडी टेकू आले. आणि तेव्हा एक नवाच पेच उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरची तक्तपोशी पूर्ण काढायची असल्यामुळे तिथल्या तीन बिऱ्हाडांना काही महिने संक्रमण शिबिरात जाणे भाग होते.

दोघे तयार झाले. तिसरे अण्णा. वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, "मी ह्या खोलीत जन्मलो. इथून गेलेली माणसे परत आलेली मी फार पाहिली नाहीत." त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. इमारत पडून किंवा पाडली जाऊन संक्रमण शिबिरांत गेलेल्या कित्येक कुटुंबांची एक पिढी तिथेच मोठी झाली आहे. ज्यांच्या इमारती पुन्हा उभ्याच राहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मंडळाला 'बृहत्सूची' नावाची यादी ठेवून दुसरीकडे घरे द्यावी लागतात. अण्णा हे सारे वर्तमानपत्रांत वाचत आले होते.

त्यांना कुणी हट्टी म्हटले, कुणी 'बुलडोझर येईल' म्हणून भिववले. त्याने अण्णा अधिकच ताठर झाले. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी युक्ती काढली. म्हणाल्या, "नाना, अण्णांना भीती जाण्याची नाही, कागदाशिवाय जाण्याची आहे." मग आम्ही एकेक कागद जमवला. खोलीचे मोजमाप केलेला आणि अण्णांचे भाडेकरू म्हणून नाव असलेला उतारा, खोली रिकामी करण्याची नोटीस, शिबिरातल्या गाळ्याचे वाटपपत्र, आणि काम दुरुस्तीचे आहे, पाडण्याचे नाही, हे दाखवणारी कामाच्या आदेशाची प्रत. अण्णांनी चष्मा लावून सारे दोनदा वाचले, एका पिशवीत घातले आणि ती पिशवी उशाशी घेऊनच ते प्रतीक्षानगरच्या गाडीत बसले.

आठ महिन्यांनी ते परत आले. खोलीत नवी तक्तपोशी होती, कुजक्या तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर होते. अण्णांनी काठी दोनदा जमिनीवर आपटून पाहिली आणि म्हणाले, "आवाज बरा आहे."

म्हणून सांगतो, तात्पुरते घर सोडण्याची वेळ आली तर भांडण्यात शक्ती घालवू नका, ती कागद मिळवण्यात घाला. आणि घर सोडायला सांगितले असूनही केवळ भीतीपोटी धोक्याच्या छपराखाली राहू नका. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यात आपल्या इमारतीचे नाव आले तर ते वाचून घडी घालून ठेवण्यासाठी नसते.

कामात अडचणी आल्या नाहीत असे नाही. होळीला मजूर गावी गेले आणि कंत्राटदार तीन आठवडे दिसेना. गॅलरी अर्धी उघडी. आमच्या दोन गृहिणींनी कामाची रोजनिशी ठेवली होती: किती माणसे आली, कोणती तुळई काढली, किती गोणी वापरल्या. ती वही अभियंत्यांसमोर ठेवताच काम पुन्हा सुरू झाले. पुरुषांची गाऱ्हाणी तोंडी होती, बायकांचे लेखी. त्यामुळे जय कुणाचा झाला ते सांगायला नको.

दुरुस्तीचे काम झाल्यावर उपकराचा दर वाढतो, हेही आधीच माहीत असलेले बरे. आमच्याकडे त्यावरही कुरकुर झाली, पण मावशी म्हणाल्या, "औषधाचे बिल बरे झाल्यावरच येते."

फ्लॅटवाल्यांनी काय करावे?

१९६९ नंतरच्या इमारतींना आणि उपनगरांना ही उपकराची योजना लागू नाही. सोसायटीच्या इमारतीला दुरुस्तीसाठी सरकारी तिजोरीतून असे पैसे मिळत नाहीत. तिथे आपली पुंजी आपणच साठवायची. आदर्श उपविधींत त्याची वाट दाखवलेली आहे. प्रत्येक गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि निदान पाव टक्का सिंकिंग फंडात घालायचा. महिन्याचे बिल कमी ठेवण्याच्या नादात हे निधी उपाशी ठेवणाऱ्या सोसायट्या पुढे एकदम लाखांची वर्गणी मागतात.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना-तपासणी करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तिच्या अहवालावरून इमारतीची वर्गवारी होते. 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, 'सी-२ ए' म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, 'सी-२ बी' म्हणजे न हलता सांगाड्याची दुरुस्ती, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ.

सरकारची एक अप्रत्यक्ष मदत मात्र फ्लॅटवाल्यालाही मिळते. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले, तर त्याच्या व्याजावर वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते. अर्थात जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यालाच. घर घेण्याच्या वा बांधण्याच्या कर्जावर ही मर्यादा दोन लाखांची आहे. तेव्हा कर्ज कशासाठी काढले, हे बँकेच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे.

गावाकडचे घर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनजवळच्या आमच्या मामांच्या घराची मंगळुरी कौले पत्त्यांसारखी उडाली आणि एक नारळ माजघरावर आडवा झाला. अशा नैसर्गिक आपत्तीत घराला मदत मिळते ती तहसीलदारांमार्फत, आणि तिचा पाया म्हणजे तलाठ्याने केलेला पंचनामा.

मदतीचे दर केंद्र सरकार आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ठरवते. राज्य सरकार कधीकधी आपली भर घालून वाढवून देते. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी ठरलेल्या केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये, तर डोंगराळ भागात १,३०,००० रुपये होते. निदान पंधरा टक्के मोडतोड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. ह्या रकमेत घर उभे राहत नाही, हे उघड आहे; पण पावसाच्या तोंडावर कौले आणि वासे आणायला ती उपयोगी पडते.

मामांची अडचण पैशाची नव्हती, नावाची होती. घर आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊन तीस वर्षे झालेली. तीन भाऊ, दोन बहिणी, वारसनोंद कुणी केलीच नव्हती. पंचनामा झाला, पण पैसे कुणाच्या खात्यात घालायचे? अखेर पाचही जणांची संमतीपत्रे गोळा करताना मोठ्या मावशीशी बारा वर्षांनी बोलणे झाले. मदतीची रक्कम संपली. बोलणे अजून सुरू आहे.

गावी घर असलेल्यांना माझी हात जोडून विनंती आहे: वारसनोंद करून ठेवा, घरपट्टी स्वतःच्या नावे भरा, आणि वादळानंतर ताडपत्री टाकण्याआधी मोडतोडीची छायाचित्रे काढा. छप्पर झाकल्यावर पंच काय पाहणार?

दिवाळीपूर्वीची पाच मिनिटे

एवढे सारे वाचल्यावर कुणाला वाटेल, मदत मिळवणे हेच मोठे काम आहे. तसे नाही. मदत लागू नये अशी काळजी घेणे हे त्याहून मोठे काम. जुन्या लादीवर नवी लादी चढवत जाऊ नका. प्रत्येक थराचे वजन त्याच म्हाताऱ्या तुळईवर पडते. खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत काढण्यापूर्वी ती कुणाला तोलून धरते आहे, हे जाणकाराला विचारा. मोरीची गळती आठवड्याच्या आत बंद करा. भिंतीतला पिंपळ पानांवर असताना उपटा, खोडावर आल्यावर नव्हे.

दिवाळी आली की आपण भिंतींना रंग देतो, जळमटे काढतो, माळ्यावरचे डबे खाली घेतो. यंदा माळा रिकामा होईल तेव्हा एक विजेरी घेऊन पाच मिनिटे वर पाहा. तुळईवर मातीची रेघ दिसली, लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजले, भिंतीची भेग गेल्या वर्षीहून रुंद वाटली, तर त्यावर रंगाचा हात फिरवू नका. शेजाऱ्याला बोलवा, दाखवा, दोघे मिळून एक अर्ज लिहा, आणि त्यावर पोचशिक्का घ्या. फराळाचे ताट शेजारी पाठवताना अर्जाचा कागदही बरोबर पाठवला, तर सही लवकर मिळते असा माझा अनुभव आहे.